वाजणारे बूट

मालम हबीबूंचा मुलगा भर बाजारात हरवला, तोही ऐन बकरी ईदच्या तोंडावर. याचा दोष गल्लीनं कुणाकुणाला दिला ते सांगत बसलो तर पुढची ईद येईल. बुटांना दिला, मेंढ्यांना दिला, शेजारच्या गाम्बोंना तर दिलाच दिला. पण खरा दोष होता हबीबूंच्या मानेचा. ती वेळेवर वळली नाही.

न वळण्यालाही कारण होतं. झारिया शहरातल्या चांगल्या घरांत पहिल्या मुलाचं नाव आईबापांनी तोंडानं घ्यायचं नसतं. चारचौघांत त्याला उचलायचं नाही, लाडानं बोलायचं नाही, शक्यतो त्याच्याकडे बघायचंही नाही. दुसऱ्या-तिसऱ्याला खुशाल डोक्यावर घेऊन नाचा, कुणी विचारत नाही. पहिल्याच्या बाबतीत मात्र बापानं असं वागायचं की हे पोर कुणीतरी विसरून आपल्या ओट्यावर ठेवून गेलंय. याला लाज म्हणतात, आणि ज्याला ती नाही त्याला बाकी काहीही असलं तरी उपयोग नाही.

त्यात हबीबूंच्या थोरल्याला आजोबांचं नाव ठेवलेलं. म्हणजे कडीवर कुलूप. वडिलांचं नाव घ्यायचं नाही, मुलाचंही घ्यायचं नाही, आणि दोन्ही नावं एकच! आजोबा हज करून आलेले, सारा बाजार त्यांना अल्हाजी म्हणे. म्हणून घरदार चार वर्षांच्या नातवालाही अल्हाजीच म्हणे. "अल्हाजी, नाक पूस", "अल्हाजी, चड्डी घाल", असं दिवसभर चाले. हबीबू मात्र तेवढंही म्हणत नसत. त्यांना काही सांगायचंच झालं तर ते भिंतीकडे बघून सांगत, आणि भिंतीनं नाही ऐकलं तरी पोरगं ऐके. तेही बापाला बाप म्हणत नसे. गल्ली ज्याला मालम म्हणते, म्हणजे मास्तर, त्याला तेही मालमच म्हणे.

हबीबू स्वतःही थोरलेच. त्यामुळे चाळिशी उलटली तरी वडिलांनी त्यांना एकदाही नावानं हाक मारली नव्हती. 'अरे', 'तो', 'आमचा मास्तर' एवढ्यावर बापलेकांचा संसार निभावला होता. जे कधी चाखलंच नाही त्याची भूक कशी लागणार, असं हबीबू म्हणत. कुणी विचारलेलं नसतानाही म्हणत, हे सोडून द्या.

एरवी अल्हाजीला बाजारात न्यायला घरात पुष्कळ बायका असत. पण या ईदला तलातू, म्हणजे हबीबूंची बायको, बाळंतीण. मुलगी झालेली. तिला कढत पाण्याची आंघोळ घालायला तिची आई येऊन राहिलेली, आणि गल्लीतल्या झाडून साऱ्या मुली हातावर मेंदी लावून बसलेल्या. मेंदी ओली असताना बायका घराला आग लागली तरी हलत नाहीत. राहता राहिले हबीबू. आणि अल्हाजीनं तर सकाळपासून अंगणात लोळण घेतलेली. त्याला बूट हवे होते.

"यात काय एवढं?" शेजारचे गाम्बो कुंपणावरून म्हणाले. गाम्बो पोस्टातून निवृत्त झाल्यापासून सल्ला देण्याच्या नोकरीत होते. "ते वाजणारे बूट घ्या. टाचेत शिट्टी असते. पाऊल टाकलं की पीं! माझ्या नातवाला आणलेत. तुम्ही आपले पुढे चाला, पोर मागून वाजत येतं. वळून बघायला नको, हात धरायला नको. लाज शाबूत, पोरही शाबूत."

हबीबूंना हे एकदम पटलं. भूगोलाच्या मास्तरला मुळात साधनांचं वेड असतं.

निघताना ते दारात उभे राहिले. ओसरीवर सासूबाई होत्या, म्हणजे मुलाकडे बघणं तर सोडाच, त्याच्या दिशेला खोकणंही कठीण. त्यांनी छपराला सांगितलं, "ज्यांना बूट हवे असतील त्यांनी निघावं."

अल्हाजी टुणकन उठला. पडद्याआडून तलातूचा आवाज आला, "अहो, गर्दी आहे. त्या बूट मागणाऱ्याचा हात धरा हं."

हबीबूंनी न ऐकल्यासारखं केलं. सासूबाईंसमोर कोण हो म्हणणार?

बुटांचा दुकानदार भलताच बोलका निघाला. "पोरगा तुमचा का, मालम?"

"आमच्या घरचा आहे."

"पुतण्या?"

"जवळचा आहे."

"नाक तर तुमच्यावरून उतरवून घेतलेलं दिसतंय," दुकानदार म्हणाला, आणि वर हसला. हबीबूंनी घासाघीस न करता बूट घेतले, एवढे ते ओशाळले होते.

बूट मात्र फर्मास होते. लाल, पुढे पिवळा तारा, आणि टाचेत शिट्टी. अल्हाजीनं दुकानात तीन उड्या मारल्या. पीं पीं पीं! "मालम, वाजतात!" हबीबूंनी शेजारच्या छत्रीकडे बघून "बरं" म्हटलं. पण आतून त्यांना असं भरून आलं की छत्रीवाल्याला वाटलं आता हे गिऱ्हाईक छत्री घेणार.

परत फिरायला वाटा दोन. एकीत मेंढे बांधलेले, शिंगांना शिंगं लागलेली, माणूस शिरायला जागा नाही. दुसरी टोप्यांच्या दुकानांच्या ओळीतून. तिथे कोपऱ्यावरच चटई टाकून हबीबूंचे वडील बसत, भोवती त्यांच्या वयाची चार-सहा माणसं सुपारीसारखी कोलाची फळं चघळत. बापानं आपल्या थोरल्याला बूट घेऊन दिले आणि त्याची वरात काढून नेतोय, हे त्या चटईवरून दिसणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. हबीबूंनी हवेला सांगितलं, "थोडं अंतर ठेवून चालावं," आणि ते पुढे झाले.

चटईपाशी ते वाकून, गुडघ्यावर बसून बोलले. उन्हाची चौकशी झाली, थकव्याची झाली, घरच्यांची, गुडघ्यांची, टोप्यांच्या खपाची झाली. वडील प्रत्येक चौकशीला "देवाची कृपा" म्हणत होते आणि रस्त्याच्या पलीकडे बघत होते. हबीबू जमिनीकडे बघत होते. मागे कुठेतरी पीं पीं चालू होतं. म्हणजे सगळं ठीक. ते उठले, मान ताठ ठेवून चालू लागले. मागून पीं पीं. ते मसाल्याच्या ओळीत वळले, पीं पीं. थांबले, तर आवाज थांबला. चालले, तर चालू. वा रे गाम्बो, असं ते मनात म्हणाले. पोस्टात उगाच नाही माणसानं जन्म काढला.

"ओ! मघापासून बघतेय मी!"

हबीबूंनी वळून पाहिलं. लाल बूट होते. पिवळा ताराही होता. पण बुटांत एक मुलगी होती, आणि मुलीमागे तिची आई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"माझी पोर थांबली की तुम्ही थांबता, ती चालली की चालता. काय प्रकार काय आहे?"

"बाई, मला वाटलं हे माझे... म्हणजे आमच्या घरचे बूट."

"पोरीचे बूट ढापायला निघालात होय? मास्तरासारखे दिसता की हो चांगले!"

हबीबूंना त्या शब्दांचं काही वाटलं नाही. एरवी ते हा अपमान महिनाभर उरी बाळगून बसले असते. पण आता ते कान देऊन ऐकत होते. मसाल्याच्या ओळीत, पलीकडे कापडाच्या ओळीत, सगळीकडे पीं पीं चाललं होतं. सगळ्या झारियानं या ईदला एकाच दुकानातून बूट घेतले होते. त्या शेकडो शिट्ट्यांत आपली कुठली ते बापाला ओळखू येईना.

ते आल्या वाटेनं धावले. लांब झगा सावरत धावणारा भूगोलाचा मास्तर झारियानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तोंडातून शब्द फुटेना, शेवटी एकदाचा फुटला. "अल्हाजी! अल्हाजी!"

कापडाच्या ओळीतल्या निम्म्या दुकानदारांनी माना वर केल्या. "काय हवंय, मालम?" "बोला." "मला म्हणालात का?" एक गलेलठ्ठ गृहस्थ तर गल्ला सोडून उठून आले.

"नाही हो, आमचा अल्हाजी हरवलाय."

"अरेरे. म्हातारपणी असं होतं. वय काय?"

"चार."

गृहस्थांनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि पाणी मागवलं.

तोवर गर्दी जमली होती, आणि गर्दी जमली की सल्ला आला. एक म्हणाला, मोटार अड्ड्यावर बघा, पोरं बसमध्ये चढून बसतात. दुसरा म्हणाला, विहिरीत बघा. तिसरा म्हणाला, विहीर बुजवली की गेल्या साली. चौथा म्हणाला, तरी बघा. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातला ओक्वुदिली तेवढा कामाचं बोलला. तो पूर्वेकडचा माणूस, त्याला हे लाजेचे प्रकार कधी कळले नाहीत.

"नाव ओरडा ना त्याचं!"

"आमच्यात बाप थोरल्याचं नाव घेत नाही."

"आमच्यात घेतात. मला सांगा, मी ओरडतो. आवाज दांडगा आहे माझा."

"सांगायचं म्हणजे घ्यावंच लागेल की हो! आणि ते माझ्या वडिलांचंही नाव आहे."

ओक्वुदिलीनं डोक्याला हात लावला. "मग लिहा!"

हे खरंच सोपं होतं. मास्तरच्या खिशात खडू असतोच. हबीबूंनी समोरच्या तेलाच्या पिंपावर नाव लिहिलं. पण वडिलांचं नाव त्या काळ्या, ओशट पिंपावर पाहिलं मात्र, त्यांच्या जिवाचं पाणी झालं. ओक्वुदिली चष्मा शोधतोय तोवर त्यांनी ते बाहीनं पुसूनही टाकलं.

"तुमचा मुलगा मिळो," ओक्वुदिली म्हणाला, "पण मिळाल्यावर त्याला जरा आमच्याकडे राहायला पाठवा."

बाजाराच्या कचेरीत तिजानी नावाचा अधिकारी होता. छपरावर कर्णा, टेबलावर बोलायचं यंत्र, आणि चेहऱ्यावर अख्खा बाजार आपल्यामुळेच चालतो असा भाव.

"मुलाचं नाव?"

"टोपी पांढरी आहे. बूट वाजतात."

"आज बाजारात कुणाचे वाजत नाहीत? नाव सांगा."

"नाव... जरा अडचणीचं आहे."

तिजानींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "बापाचं नाव?"

"तुम्ही नुसतं बूट सांगा ना. लोक आणतील."

तिजानींनी सांगितलं. "एक मुलगा हरवला आहे. नाव सांगत नाहीत. टोपी पांढरी, बूट वाजतात. सापडल्यास कचेरीत आणावा."

लोकांनी आणले! थोड्याच वेळात कचेरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पांढऱ्या टोपीची, वाजत्या बुटांची पोरं नुसती येतच राहिली. कुणी रडतंय, कुणी तिजानींच्या टेबलावर चढतंय, आणि मागोमाग त्यांच्या आया, "माझ्या पोराला कुणी उचललं?" म्हणत. त्या कल्लोळात हबीबू एकेका तोंडाकडे वाकून बघत होते. हा नाही. हाही नाही. आजवर त्या तोंडाकडे सरळ बघायचं टाळलं होतं, आता ते दिसावं म्हणून ते काहीही द्यायला तयार होते. तलातूचा आवाज कानातून जात नव्हता. हात धरा हं. काय सांगायचं तिला? आवाजाच्या भरवशावर होतो म्हणून?

तेवढ्यात एक हमाल डोकावला. "पांढऱ्या टोपीचं एक पोर मेंढ्यांच्या ट्रकमध्ये चढताना बघितलं मी. ट्रक कदुना शहराला गेला."

हबीबूंच्या डोळ्यांपुढे कदुनाचा रस्ता आला. तो त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर काढला होता, पांढऱ्या खडूनं, सरळ रेघ. त्या रेघेवर आता त्यांचं पोर एकटं चाललं होतं, आणि त्याला कुणी नाव विचारलं तर ते "अल्हाजी" सांगणार होतं, आणि बापाचं विचारलं तर "मालम". अशा पत्त्यावर कोण आणून पोचवणार?

पुढचं कसं झालं ते त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. त्यांनी तिजानींच्या हातातून यंत्र हिसकावलं.

"जुबैरू!"

कर्णा खरखरला. मग सगळ्या बाजारावरून तो आवाज गेला.

"जुबैरू! अरे जुबैरू, कुठायस रे बाळा? मी मालम... मी तुझा बाप बोलतोय! हबीबू! जुबैरू, जिथे असशील तिथे थांब. जुबैरू!"

एकदा तोंडातून गेलं आणि मग थांबेना. चार वर्षांचं साठलेलं होतं. तिजानींनी हात धरला तेव्हा कुठे ते थांबले. बाहेर बाजार गप्प झाला होता. शिट्ट्यासुद्धा.

मग दारातून एक मेंढेवाला आत आला. त्याच्या बोटाला धरून अनवाणी पायांनी अल्हाजी, एका हातात दोन्ही बूट.

"हा माझ्या दावणीत बसला होता," मेंढेवाला म्हणाला. "शिट्टीला मेंढा बुजतो म्हणून बूट काढून ठेवले त्यानं. भलं पोर आहे. ट्रकमध्ये चढला म्हणून बाहेर बोलतायत तो माझा भाचा."

हबीबू पुढे धावले. मेंढेवाल्यानं पोराला मागे घेतलं. "थांबा. बाळा, हे तुझे वडील का?"

अल्हाजीनं नीट पाहिलं. त्याला जे शिकवलं होतं ते त्याला चोख येत होतं. "नाही," तो म्हणाला. "हे मालम."

कचेरीतल्या साऱ्या आयांनी आपापली पोरं पोटाशी धरली.

"हं," तिजानी म्हणाले. "आधी नाव सांगत नव्हता. आता पोर ओळखत नाही. बसा खाली, मालम."

हबीबू खाली बसले. पोर समोर होतं, धडधाकट, गालाला पेंढा चिकटलेला. बाकी जग काय म्हणतं याच्याशी त्यांना काही कर्तव्य राहिलं नव्हतं. त्यांना रडू येत होतं आणि ते येऊ देत होते.

"कोण आहे तो, मला हाका मारणारा?" बाहेरून दणदणीत आवाज आला. लोक बाजूला झाले. टोप्यांच्या ओळीतले अल्हाजी जुबैरू काठी टेकत आत आले, धाप लागलेली, मागे चटईवरची सगळी मंडळी. "उभ्या जन्मात मला कुणी कर्ण्यावरून नावानं पुकारलं नाही! कुणाचं काय बुडवलंय मी?"

"आजोबा!" अल्हाजी ओरडला आणि त्यांच्या झग्यात शिरला.

म्हाताऱ्यानं नातवाला पाहिलं, मग जमिनीवर बसलेल्या हबीबूंना पाहिलं. त्याला सगळं कळलं असावं, कारण त्यानं लगेच भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अल्हाजी," तिजानी उठून अदबीनं म्हणाले, "नातू तुमचा, ते दिसलंच. पण हे गृहस्थ कोण?"

"हा आमच्या घरचा आहे," आजोबा भिंतीला म्हणाले.

"म्हणजे कोण?"

"जवळचा आहे."

"अल्हाजी, राग मानू नका. मला नाव सांगितल्याशिवाय यांना सोडता येणार नाही. आज सकाळपासून या माणसाचं कोणी काही सांगतच नाही."

चटईवरची मंडळी खोकली. आयांनी माना पुढे काढल्या. म्हाताऱ्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. मग परत या हातात. हबीबूंना राहवेना. "राहू द्या, बाबा," ते म्हणाले. "मी बसतो इथं. तुम्ही याला घरी न्या."

म्हातारा भिंतीकडून वळला. त्यानं मुलाकडे सरळ पाहिलं.

"हबीबू," तो म्हणाला. "हा हबीबू आहे. माझा मुलगा. थोरला."

आवाज काही मोठा नव्हता. पण हबीबूंना वाटलं, कर्ण्यातलं आपलं ओरडणंसुद्धा एवढं लांब गेलं नसेल. त्यांनी उपरण्यात तोंड खुपसलं. भूक कधी लागलीच नव्हती असं म्हणणारा माणूस कचेरीच्या फरशीवर बसून हुंदके देत होता, आणि तिजानी, ज्यांच्याकडे सगळ्याला नियम होता, ते छपराकडे बघत उभे राहिले.

ते सगळे बाहेर आले. मग आजोबा म्हणाले, "माझं नाव कर्ण्यावर घेतलंस."

"चूक झाली, बाबा."

"दहादा तरी घेतलंस." म्हाताऱ्यानं काठी आपटली. "मी पुढे होतो. मानेत चमक भरलीये माझ्या. मागे वळून काही बघता यायचं नाही मला."

आणि ते खरंच पुढे निघाले, मान ताठ ठेवून. मान कुणाकडून आली ते त्या दिवशी बाजाराला कळलं.

हबीबूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्यांनी अल्हाजीला उचलून कडेवर घेतलं. पोर जड होतं, आणि मेंढ्याचा वास मारत होतं. आधी त्याला हे काय चाललंय ते कळेना. मग त्यानं बापाच्या गळ्यात हात टाकला आणि दुसऱ्या हातानं बुटाची टाच दाबायला लागला. पीं. पीं. टोप्यांची ओळ गेली, मसाल्याची गेली. आजोबा पुढे, शिट्टी मागे. वळणावर पोराची मान बापाच्या खांद्यावर कलंडली, मूठ सैल झाली, आणि शिट्टी थांबली.

पुढची काठीही थांबली. म्हातारा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागून सायकलवाले घंटा वाजवत होते, पण तो हलेना, आणि वळूनही बघेना.

"हबीबू?" त्यानं हळूच विचारलं.

"मागेच आहोत, बाबा," हबीबू म्हणाले. "झोपलाय."